कमीत कमी किती माणसं

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

एरवी मी तुम्हाला वाढदिवसाला लिहिते. आज कुणाचाच वाढदिवस नाही. गेल्या महिन्यात धाकटीने शाळेसाठी आपल्या घराण्याचा तक्ता केला, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिने मला विचारलं होतं, "आजी, आजोबांच्या आईचं माहेर कुठलं?" मी म्हणाले, "अलिबागकडचं कुठलंतरी गाव, आता आठवत नाही गं." तिने ते तसंच लिहून घेतलं, आणि तो तक्ता तिकडे तिच्या वर्गाच्या भिंतीवर लागला.

मला ते गाव चांगलं आठवतं. तिथल्या त्याच माहेरच्या घरात माझा जन्म झाला.

हे खोटं मी का बोलले ते सांगायचं तर आधी माझ्या क्लासबद्दल आणि तिथे आलेल्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. मी सगळं क्रमाने लिहिते आहे. क्रम सोडला तर मला सोयीचं तेवढंच लिहिलं जाईल, एवढी मी स्वतःला ओळखते.

निवृत्त होऊन आम्ही मुंबईहून इकडे राहायला आलो आणि दोन वर्षांत तुमचे आजोबा गेले. दुपारी वेळ जाईना. आपलं घर बोर्ली पंचतनच्या बाजारापासून चालत वीस मिनिटांवर. तिथली मुलं तलाठी, पोलीस, बँक, पोस्ट अशा परीक्षांना बसतात आणि क्लाससाठी पनवेलला जाणं सगळ्यांना जमत नाही. मी इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. पण मुलं म्हणाली, "मॅडम, इंग्रजी कसंतरी निभावतो. बुद्धिमत्ता चाचणीत मार खातो." म्हणून मी बाजारातून चार पुस्तकं आणली, सगळी सोडवली आणि तेही शिकवू लागले. तीन ते पाच, पडवीत, सात-आठ जण. चपला एका रांगेत, हजेरी वहीत, फोन टोपलीत.

मला तो विषय फार आवडला. दिशा, बैठक व्यवस्था, सांकेतिक भाषा, नातेसंबंध. प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर, आणि ते मागे छापलेलं. मी मुलांना एक नियम घालून दिला होता आणि तो फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असे: पेपरात लिहिलं नाही ते मनाचं घालायचं नाही.

दिशांच्या प्रश्नाला मी युक्ती सांगायची, कागदाच्या डाव्या कडेला समुद्र काढा, म्हणजे पश्चिम कधी चुकणार नाही. आगरदांड्याचा एक मुलगा मामाकडे राहून क्लासला यायचा. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या धक्क्यावर उभं राहिलं तर पाणी दक्षिणेला. मी समुद्र काढला की गोत्यातच येतो."

"पेपरात आगरदांडा नसतो," मी म्हणाले. सगळे हसले, तोही हसला. माझं असं बोलणं मुलांना आवडायचं. मला तर फारच आवडायचं.

या सगळ्यांत ती मुलगी सर्वात हुशार होती. बाजारामागच्या मोहल्ल्यातली, वडील अनेक वर्षं कुवेतला, घरी आई आणि आजी. तिच्या घरातले पुरुष एकतर जहाजावर, नाहीतर आखातात. सरकारी नोकरीत कुणीच नव्हतं. तिने ठरवलं होतं की आपण याच तालुक्यात, याच मातीत, खुर्चीवर बसून पगार घ्यायचा. अब्बांनी तिला एक वर्ष दिलं होतं. "एकच वर्ष, मॅडम," ती म्हणायची. "अब्बा उन्हाळ्यात येतील. तोवर निकाल लागला तर लागला. नाहीतर ते सोयरीक पक्की करून जाणार."

गोल टेबलाभोवती आठ माणसं बसली आहेत, हा प्रश्न बाकीचे पंधरा मिनिटं खरडत. ती तीन मिनिटांत सोडवायची. मी युक्ती विचारली तर म्हणाली, "आमच्याकडे ईदला एकाच मोठ्या थाळ्याभोवती जेवतात. मी टेबल काढतच नाही. कोण कुठे बसेल ते मला दिसतं." मी मान हलवली, पण ती पद्धत फळ्यावर लिहिली नाही.

त्या वर्षी तिने कारकुनाच्या जागेची एक परीक्षा दिली. कोणत्या खात्याची ते लिहीत नाही, कारण दोष खात्याचा नाही. परीक्षा झाली, काही दिवसांनी उत्तरतालिका निघाली. आता हे सगळं संगणकावर असतं. आपण काय उत्तर दिलं आणि त्यांच्या मते बरोबर काय, दोन्ही शेजारी शेजारी दिसतं. एखादं उत्तर चूक वाटलं तर तीन दिवसांत हरकत घ्यायची, कारण लिहायचं, पुरावा जोडायचा. ती दुसऱ्या दिवशी क्लासला आली ती हातात एका पानाची प्रिंट घेऊन. एका प्रश्नाभोवती तिने पेन्सिलीने वर्तुळ केलं होतं.

प्रश्न असा होता. एका घरात जेवायला एक सासू, एक सून, एक आत्या, एक भाची, एक आई आणि एक मुलगा बसले आहेत. तर जेवायला कमीत कमी किती माणसे बसली आहेत? पर्याय होते तीन, चार, पाच आणि सहा. तालिकेत बरोबर उत्तर चार होतं. तिने तीन दिलं होतं.

"मॅडम, यावर हरकत घ्यायची आहे," ती म्हणाली. "मी हिशोब केलाय. कटऑफच्या अगदी काठावर आहे मी. हा एक प्रश्न मिळाला तर जमेल. कारण तुम्ही लिहून द्याल? तुम्ही लिहिलंत की ते नीट वाचतील."

मी चष्मा लावून वाचलं. "उत्तर चारच," मी म्हणाले. "सासू, तिचा मुलगा, सून. सासू हीच आई. झाली तीन माणसं. आता आत्या आणि भाची. सासूलाच आत्या धर. पण तिची भाची वेगळी बसवायला लागेल. चार."

"भाचीच सून असेल तर?"

"कशी असेल?"

"आत्याने भावाची मुलगी सून करून आणली असेल तर. मग आत्या हीच सासू आणि भाची हीच सून. तीनच माणसं होतात, मॅडम. त्यांनी कमीत कमी विचारलंय."

ती फळ्याकडे बघत होती, मी लिहिलेल्या नियमाकडे. भाची आणि सून वेगळ्याच असतात, असं पेपरात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते मनाचं मी घातलं होतं. एवढं मला त्याच क्षणी कळलं होतं, मुलांनो. हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते, कारण पुढची चार वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला ते नंतर कळलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, तुझ्या घरी ताटं कमी आहेत म्हणून पेपर बदलायचा काय?" दोघे-तिघे हसले.

तिने मागे वळून सांगितलं, "माझ्या मोठ्या बहिणीला फुफीच्याच, म्हणजे आत्याच्याच घरी दिलीय. तिच्याकडे जेवायला बसतात ते तीनच."

आणि मी म्हणाले, "तुमच्यात चालत असेल. पेपर सगळ्यांसाठी असतो."

तेव्हा आतल्या गावातला, भातशेती करणाऱ्या घरातला एक मुलगा भाबडेपणाने म्हणाला, "मॅडम, आमच्यात पन मामाची पोर करतात की. माझी आईच तशी हाय."

"विषय संपला," मी म्हणाले. "वह्या काढा."

तिने प्रिंटची घडी केली नाही, फाडलीही नाही. माझ्या टेबलावर ठेवली आणि वही काढली. पाच वाजेपर्यंत बसली. जाताना नेहमीसारखं "येते, मॅडम" म्हणाली. हरकतीची मुदत दुसऱ्या दिवशी संपली. तिने एकटीने लिहायचं धाडस केलं नाही. ज्यांना ती सर्वात शहाणं समजत होती त्यांनीच चूक ठरवल्यावर ती काय लिहिणार?

निकालात ती एका प्रश्नाने राहिली.

आता माझ्याबद्दल. तुमचे आजोबा माझे आतेभाऊ होते. माझ्या वडिलांची सख्खी मोठी बहीण ती माझी आत्या, आणि तीच माझी सासू. आत्याने मला तिच्या मुलासाठी मागितली आणि वडिलांनी दिली. आमच्याकडे तेव्हा यात कुणाला नवल वाटत नसे. उलट मुलगी घरातल्या घरात राहिली म्हणून सगळे खूश होते. मीही होते. आत्याच्या घरी मी सुट्टीत जायची, तिच्या हातचं खाऊन वाढलेली. त्या घरात मला कधी परकं वाटलं नाही, आणि तुमचे आजोबा भले गृहस्थ होते. लग्नाबद्दल माझी काही तक्रार नव्हती आणि आजही नाही.

तक्रार सुरू झाली मुंबईत. मी इंग्रजी शाळेत शिकवायला लागले. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत एक बाई कुठल्याशा लेखातलं वाचून दाखवत होत्या की नात्यातल्या लग्नांनी मुलं कशी कमकुवत होतात, आणि असली लग्नं अडाणी लोक करतात. सगळ्या माना हलवत होत्या. मीही हलवली. त्यानंतर कुणी विचारलं तर मी सांगायची, आमचं ठरवून झालेलं लग्न, स्थळ ओळखीतून आलं. आत्या आमच्याकडे राहायला आली की मी तिला आत्याबाई म्हणायची. तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी सुना सासूला आत्याबाईच म्हणत, त्यामुळे शेजारपाजाऱ्यांना शंका यायचं कारण नव्हतं.

तुमचे बाबा पोटात होते तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कार्ड भरताना विचारलं, "नात्यात लग्न?" मी नाही म्हणाले. कार्डावर तसं लिहिलं गेलं. मग बाळंत होईपर्यंत मी एकटीच घाबरत राहिले, कारण ज्यांना विचारता आलं असतं त्यांनाच मी खोटं सांगितलं होतं. बाळ नीट झालं. ते शाळेत जायला लागल्यावर मी त्याला शिकवून ठेवलं की बाबांचे मामा तेच तुझे आजोबा, हे शाळेत कुणाला सांगायचं नाही. तुमच्या बाबांनी ते इतकं नीट पाळलं की तुम्हालाही सांगितलं नाही. त्यांना रागावू नका. ती शिस्त मी लावलेली आहे.

म्हणजे त्या दुपारी पडवीत, तो प्रश्न जिच्या घरात वर्षानुवर्षं जेवायला बसत आला होता, ती मी होते. आणि 'तुमच्यात' हा शब्द मी त्या मुलीला लावला. ती मोहल्ल्यातली होती म्हणून तो मला लावता आला. शेतकऱ्याच्या मुलाने तोंड उघडल्यावर मी विषय बंद केला, कारण तो आणखी दोन वाक्यं बोलला असता तर 'आमच्यात' या शब्दात मी कुठे बसते, हे सांगावं लागलं असतं.

निकालानंतर त्या मुलीने संगणकाचा कोर्स केला. अब्बांनी ठरवलं तिथे लग्न झालं, नवरा कतारला असतो. तिने बोर्लीत एसटी स्टँडजवळ एक लहान दुकान काढलं. परीक्षांचे अर्ज भरून देते, हॉलतिकिटं काढून देते, दाखले स्कॅन करते. माझ्या क्लासची मुलं अर्ज भरायला तिच्याकडेच जातात आणि ती त्यांना रांगेत उभं असतानाच दोन-चार गणितं सोडवून देते. दुकान निघाल्यापासून मी तिथे एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. वीजबिलाची पावती काढायलाही पुढच्या चौकात जायची.

मग धाकटीचा निरोप आला. तक्त्यासाठी जुने फोटो हवेत, चांगले स्कॅन करून पाठव. पुढच्या चौकातलं मशीन त्या दिवशी बंद होतं. मी तिच्या दुकानात गेले.

"या मॅडम, बसा," तिने स्टूल पुसून दिलं. आवाजात काही वेगळं नव्हतं. मी पिशवीतून फोटो काढून दिले. तिने पहिला मशीनवर ठेवला. पडद्यावर तो मोठा होऊन आला.

"फाइलला नाव काय देऊ?"

"माझे वडील आणि माझी आत्या."

तिने टाइप केलं. दुसरा फोटो लग्नानंतरचा, अंगणात पाटावर जेवायला बसलेला. गावच्या फोटोग्राफरने बोलावून काढलेला, म्हणून तिघंही घास हातात धरून कॅमेऱ्याकडे बघतो आहोत.

"आणि याला?"

"मी, आमचे हे आणि सासूबाई."

ती टाइप करायची थांबली. माझ्या आत्याच्या डाव्या कानाची पाळी जड कुड्यांनी फाटलेली होती. ती नेहमी त्यावरून पदर घ्यायची, पण दोन्ही फोटोंत पदर मागे सरकलेला आहे. त्या पडद्यावर तो कान हाताएवढा दिसत होता. तिने पहिला फोटो पुन्हा उघडला. दुसरा त्याच्या शेजारी ठेवला. मागे दोन मुलं अर्ज घेऊन उभी होती. ती माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "तीनच ना, मॅडम?"

मी म्हणाले, "दोन-दोन प्रती काढ."

तिने काढल्या. पाकिटात घालून दिल्या. मी घरी आले आणि ते फोटो तुम्हाला पाठवले, आणि त्याच संध्याकाळी धाकटीला अलिबागकडचं कुठलंतरी गाव सांगितलं. म्हणजे दुकानात पकडली गेल्यावर सुद्धा मी पुन्हा तेच केलं.

चार दिवसांनी मी परत गेले. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं, तेवढी खात्री करूनच गेले. मी म्हणाले, "उत्तर तीनच होतं. मला तेव्हाच कळलं होतं. हरकत मी लिहून द्यायला हवी होती."

ती जरा हसली. "आता लिंक बंद झाली, मॅडम."

"मान्य झाली असती की नाही कोण जाणे," मी म्हणाले. हे वाक्य मी तयार करून नेलं होतं.

"नसतीही झाली," ती म्हणाली. "पण घेतली तर असती." मग कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत म्हणाली, "मला नोकरीचं एवढं नाही आता. तुम्ही ते सगळ्यांसमोर बोलला होतात. आणि आज एकटीला सांगताय."

तिने चहा मागवला. आम्ही दोघींनी तो घेतला. तिने तिच्या मुलीचा फोटो दाखवला.

पुढच्या सोमवारी मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. सगळ्यांनी चार सांगितलं. मी म्हणाले, तीन, आणि समजावलं की काही घरांत आत्याच सासू असते. 'काही घरांत' म्हणाले. 'माझ्या घरात' म्हणाले नाही. बुधवारी क्लासमधला एक मुलगा सांगत आला, "मॅडम, दुकानवाल्या दीदीने विचारलंय, कोणत्या घरांत ते मॅडमनी सांगितलं काय?"

परवा मी ते सांगितलं. फोटो नेला आणि पडवीत हातोहात फिरवला. तो सगळ्यांकडून फिरून येईपर्यंत मी उभी होते. एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, तुम्ही त्यांना आत्या म्हणायचात की सासूबाई?" बाकीच्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही, ते पुढचा प्रश्न घ्या म्हणाले. ज्या गोष्टीला मी जन्मभर झाकून ठेवलं ती एवढी लहान होती. त्यामुळे लाज कमी झाली नाही, वाढली. एवढ्याशा गोष्टीसाठी मी एका मुलीचं वर्ष घालवलं.

हरकतीच्या अर्जात पुरावा जोडायची जागा होती, असं मी वर लिहिलं आहे. तो पुरावा त्या दिवशी माझ्याच कपाटात, दुसऱ्या खणात, पाकिटात घातलेला होता.

आता तुमचा तक्ता. धाकटीने बाईंना सांगून तो भिंतीवरून काढावा आणि दुरुस्त करावा. आजोबांच्या आईचं माहेर आणि माझं माहेर एकच. तिथून निघणाऱ्या दोन रेघा पुढे पुन्हा एकत्र येतात, म्हणून कागद थोडा आडवा घ्यावा लागेल. वर्गात कुणी काही विचारलं तर आजीने सांगितलं म्हणून सांगा. तुमच्या पुढे कधी डॉक्टरांनी विचारलं, तर त्यांनाही खरंच सांगा.

आत्या गेली, तुमचे आजोबा गेले, आत्याचं ते घर विकलं गेलं आणि अंगणात आता दुसऱ्या कुणाची गाडी उभी असते. त्या मुलीची प्रिंट माझ्या टेबलाच्या खणात आहे, प्रश्नाभोवतीचं पेन्सिलीचं वर्तुळ अजून दिसतं. आणि फोटो आहे. त्यात जेवायला तीन माणसं बसलेली आहेत.